धरायला काही नसलेली खोली

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात घर बांधायला काढलं की चर्चा होते ती स्लॅबची, जिन्याच्या दिशेची आणि देवघर कुठल्या कोपऱ्यात यायचं याची. ऊस, द्राक्षं आणि टोमॅटोच्या पैशावर मळ्यामळ्यांत बंगले उभे राहतात, तिथे पडवीला ग्रॅनाइट कुठला लावायचा यावर घरात बैठकांवर बैठका होतात. संडास-बाथरूमचा विषय मात्र गवंड्यावर सोडलेला असतो. "जिन्याखाली काढतो," असं तो म्हणतो आणि सगळे मान डोलावतात. त्याच घरात सत्तरीपुढची दोन माणसं राहणार असतात. दिवसातून कितीदा तरी आणि रात्री झोपेतून उठून त्यांना त्या जिन्याखालच्या खोलीत जायचं असतं. हे बैठकीत कुणी बोलत नाही, ती दोन माणसंसुद्धा नाहीत.

मग एके दिवशी आजी बाथरूममध्ये पडते. खुब्याचं हाड मोडतं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वय झालं, तोल गेला." माझं भांडण या वाक्याशी आहे. तोल जाण्याचं कारण आपण माणसाच्या वयात शोधतो. ते आधी खोलीत शोधायला हवं, कारण वय बदलता येत नाही आणि खोली येते.

वयाचा वाटा मी नाकारत नाही. गुडघे झिजलेले असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि बसलेलं माणूस झटकन उठलं की रक्तदाब क्षणभर खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. मोतीबिंदूमुळे पांढऱ्या फरशीवरचं पांढरं भांडं नीट दिसत नाही. मधुमेहानं तळपायांची जाणीव बोथट झालेली असते. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात. पण हे सगळं घेऊनच हे माणूस ओसरीवर वावरतं, देवळात जातं, बांधावरून चालतं. ओसरीला खांब असतो, शेतात हातात काठी असते. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाकडे जाणाऱ्या पायऱ्यांना कठडा आहे आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीही मिळते. न्हाणीघरात पाणी, साबण, वाकणं, उठणं, एका पायावर उभं राहून कपडा बदलणं आणि आतून लावलेली कडी हे सारं तीन-चार फुटांच्या जागेत एकत्र येतं. तिथे धरायला असतो तो फक्त नळ. तो माणसाचं वजन पेलायला बसवलेला नसतो.

ही माणसं कोण आहेत, तेही पाहायला हवं. मुंबईचे बरेचसे डबेवाले खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांतले आहेत. आयुष्यभर लोकलच्या गर्दीत डोक्यावर डब्यांचं ओझं घेऊन जिने चढलेला माणूस साठीनंतर गावी परततो तेव्हा गुडघे मुंबईत ठेवून आलेला असतो. माथाडी कामगारांच्या पाठीचंही तेच. बायकांनी भाताच्या आवणीत कंबरेत वाकून पावसाळे काढलेले असतात, पश्चिमेकडच्या डोंगरात हिरडा वेचलेला असतो, हंड्यावर हंडा घेऊन चढ चढलेले असतात. त्यांचं शरीर आळसानं गेलेलं नाही, कामानं गेलं आहे. म्हणून मी या खोलीची मागणी दयेच्या भाषेत करत नाही. हे त्यांचं घराकडून येणं आहे.

आता सरकारी संडासाकडे वळतो. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं आणि ग्रामीण भागात वैयक्तिक शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान मिळू लागलं. त्याच्याही आधी, या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रानं संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं होतं. या कामाचं मोल मी कमी मानत नाही. अंधाराची वाट पाहत दिवसभर पोट आवळून धरणाऱ्या बाईला दाराशी चार भिंती मिळाल्या, हा फार मोठा बदल आहे. पण त्या पैशात जी खोली ठरून गेली ती साधारण चार फूट बाय तीन फुटांची. शोषखड्ड्याकडे उतार मिळावा म्हणून जोतं उंच घेतलेलं, त्यामुळे दारापुढे दोन-तीन पायऱ्या आल्या आणि त्यांना कठडा नाही. दार आत उघडणारं. आत उकिडवं बसलं की गुडघे समोरच्या दाराला टेकतात. तिशीतल्या माणसाला ही खोली अडचणीची वाटते. सत्तरीतल्या माणसासाठी ती सापळा आहे.

हे दिल्लीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं असंही नाही. पेयजल व स्वच्छता मंत्रालयानं २०१५ मध्येच दिव्यांगांना वापरता येतील अशा घरगुती शौचालयांची पुस्तिका काढली होती. चढण, दांडा, रुंद दार, बसायची उंची असं सगळं त्यात होतं. पण पुस्तिका वाचून बांधकाम होत नसतं. घोडेगावच्या किंवा ओतूरच्या गवंड्यानं जे आधी दहा ठिकाणी बांधलं, तेच तो अकराव्या ठिकाणी बांधतो, आणि मोजणारानं मोजायचं काय तर किती संडास झाले एवढंच. आत जाऊन सुखरूप बाहेर येता येतं का, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता.

जुन्नर-आंबेगाव या दोन तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी पाणी आलं, उसाचे मळे वाढले आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर मिळून होणाऱ्या जुन्नर वनविभागात माणूस आणि बिबट्या शेजारी राहतात. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. उघड्यावर बसू नका, अंधारात एकट्यानं फिरू नका, खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा वाटू शकतो, असं गावोगाव सांगितलं जातं. पण संडास अंगणाच्या टोकाला, गोठ्यापलीकडे बांधलेला असतो आणि त्याच्या मागच्या भिंतीला ऊस लागलेला असतो. रात्री दोन वाजता एकट्या म्हातारीनं तिथवर जायचं कसं? ती जात नाही. ती संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाही. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते, सकाळी उठताना चक्कर येते, आणि त्या चकरेतच ती पडते. पडल्याची नोंद 'चक्कर येऊन' अशी होते. तिच्या मुळाशी संडासची जागा होती, हे कुठल्याही केसपेपरवर येत नाही.

म्हणून वस्तीवर घर असेल तर म्हाताऱ्या माणसाचा संडास घराच्या छपराखाली, त्याच्या अंथरुणापासून चार पावलांवर हवा, असं मी आग्रहानं म्हणतो. "घरात संडास? देव्हारा पलीकडेच आहे," हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. माणसं मनापासून विटाळ मानतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पडवीच्या टोकाला, घराला लागून पण बाहेरून दार असलेली खोली काढावी आणि अंथरुण तिकडच्या बाजूला हलवावं. वाटेवर रात्रभर दिवा राहू द्यावा. वीज गेली तरी काही तास जळणारे चार्जिंगचे बल्ब आता तालुक्याच्या बाजारात मिळतात. एवढ्यानं निम्मं काम होतं.

आता कमोडचा प्रश्न. शहरातली मुलं सुटीला येतात, आईची अवस्था पाहतात आणि इंग्लिश संडास बसवून जातात. गुडघे गेलेल्या माणसाला तो हवाच, यात दुमत नाही. उकिडवं बसून आधाराशिवाय उठायला मांडीत जेवढी ताकद लागते तेवढी त्या वयात फार थोड्यांकडे उरलेली असते. उकिडवं बसणं हा चांगला व्यायाम आहे असं म्हणणारे बरोबर आहेत, पण व्यायाम ओल्या फरशीवर, कडी लावून, मध्यरात्री करायचा नसतो. तरीही कमोड डोळे झाकून बसवू नये. गावाकडच्या साध्या भांड्याला उतार जास्त असतो, दोनेक लिटर पाण्यात काम होतं. कमोडला एका वेळी त्याच्या तिप्पट लागतं. डिंभ्याचा जलाशय डोळ्यांपुढे असूनही पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. तिथे कमोड म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी दोन हंडे. अशा घरात आहे त्याच भांड्यावर ठेवायचं, मधे भोक असलेलं भक्कम लोखंडी स्टूल जास्त शहाणपणाचं. त्याची उंची दीड फुटाच्या आसपास हवी, म्हणजे तळपाय जमिनीवर सपाट टेकतात आणि गुडघे नीट वाकतात. स्टुलाच्या पायांना रबरी बूट हवेत. प्लास्टिकचं हलकं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, ते आणूच नये.

दांडा कुठे बसवायचा, हे विचारायला वास्तुविशारद लागत नाही. म्हातारं माणूस रोज वापरतं त्या संडासची भिंत जवळून पाहा. चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर एका ठिकाणी तेलकट काळपट डाग पडलेला असतो, तळहाताएवढा. उठताना हात रोज तिथेच टेकतो. दाराच्या चौकटीवरही एक असतो, आत पाऊल टाकताना धरायचा. नळाच्या मानेवर झिजल्याची चकाकी असते. शरीरानं स्वतःच खूण करून ठेवलेली असते. दांडा त्याच डागावर यायला हवा. दांड्याला बाजारातली चकचकीत महागडी वस्तू लागत नाही. सव्वा इंची जीआय पाइप मुठीत बरोबर बसतो, कारण त्याची बाहेरची जाडी सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास भरते. भिंत आणि पाइप यांच्यात बोटं आरामात जातील एवढी फट ठेवायची. स्क्रू नुसत्या टाइलला मारून भागत नाही. टाइलमागे पोकळी असली तर दांडा वजनासकट हातात येतो आणि नसलेल्या आधारापेक्षा असा खोटा आधार वाईट. अँकर बोल्ट विटेत शिरला पाहिजे. आहुपे खोऱ्यासारख्या भागात जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात, काही ठिकाणी संडास नुसत्या पत्र्याचा असतो. तिथे भिंतीचा नाद सोडावा आणि जमिनीत फूट-दीड फूट खड्डा घेऊन पाइप काँक्रीटमध्ये उभा करावा. गावातला वेल्डर हे काम दुपारभरात करतो.

खर्चाचं बोलायचं तर पाइप, सिमेंट आणि वेल्डिंग धरून हे सगळं पडवीतल्या ग्रॅनाइटच्या एका लादीच्या आसपास जातं. खुब्याच्या ऑपरेशनशी त्याची तुलनाच नको. आणि ऑपरेशन हा खर्चाचा छोटा भाग आहे. अनेक देशांतल्या नोंदी सांगतात की खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला एक तरी वर्षभरात जातो. जे राहतात त्यांतले बरेच पूर्वीसारखे चालत नाहीत. आहुप्याकडच्या म्हाताऱ्याला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणायचं तर डिंभ्याच्या जलाशयाला वळसा घालत यावं लागतं, आणि त्याआधी तो किती वेळ ओल्या फरशीवर पडून होता, हे दारावर अवलंबून असतं.

दाराविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे आणि त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर त्याचं अंगच दाराला अडसर होतं. बाहेरून ढकललं की दार त्यालाच लागतं. मग पत्रा कापायचा, कौलं काढायची, झडप तोडायची. बिजागऱ्या फिरवून तेच दार बाहेर उघडणारं करायला सुताराला तास लागत नाही. दुसरी गोष्ट कडी. आतून लावता येणारी पण बाहेरून नाणं किंवा स्क्रूड्रायव्हर घालून फिरवता येणारी कडी मिळते. ती मिळाली नाही तर कडी काढून जाड पडदा लावावा आणि आत कुणी आहे हे कळायला दाराबाहेर टॉवेल टाकायची रीत घालावी. इथे लाजेचा प्रश्न येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साठ वर्षं डोईवरचा पदर ढळू न दिलेल्या बाईला "आजी, कडी लावू नका" असं सांगणं सोपं नाही. पण तिला सांगायचं तिच्या वयाच्या दुसऱ्या बाईनं, घरातल्या पुरुषांसमोर नव्हे, आणि कडीच्या जागी तिच्या अब्रूची दुसरी काहीतरी राखण देऊन. हे घरोघर निरनिराळं ठरेल.

आंघोळीचं तर आपण चांगलंच अवघड करून ठेवलं आहे. बंब किंवा चूल एकीकडे, मोरी दुसरीकडे आणि मधे कढत पाण्याची बादली घेऊन चालणारी म्हातारी. सोलर बसवलेल्या घरात नळाला येणारं पाणी उन्हाळ्यात भाजेल इतकं तापतं आणि बधिर झालेल्या पायांना ते उशिरा कळतं. आधी गार पाणी, मग गरम, ही सवय लावायची आणि पाणी बादलीनं नेण्याऐवजी नळीनं मोरीपर्यंत आणायचं. मोरीचा पाच-सहा इंचांचा कठडा फोडून टाकावा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार द्यावा. बसायला पाट नको, तो फार खाली असतो, स्टूल हवं. लुगडं बसून बदलता यायला हवं. फरशी गुळगुळीत शहाबादीची असेल तर ती काढायची गरज नाही. तिच्यावर, जात्याला लावतात तशी टाकी लावून घेता येते. नवा कोबा असेल तर तो घोटून आरशासारखा करण्याऐवजी ओला असताना झाडूचे फराटे मारून खरखरीत ठेवायचा. पश्चिमेकडे पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून काथ्यानं घासावंच लागतं. आणि दिवाळीत नरक चतुर्दशीला पहाटेच्या अंधारात तेल-उटणं लावून म्हाताऱ्या माणसांना पहिल्या आंघोळीला बसवायचा हट्ट थोडा सोडावा. उजाडल्यावर, कोरड्या जागी बसून लावलेलं तेलही अभ्यंगच असतं.

हे सगळं करून खरंच फरक पडतो का, असा रोखठोक प्रश्न मला विचारला जाईल, आणि विचारायलाच हवा. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात ८४२ घरांवर याचा नीट अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काही घरांत आधी, काही घरांत नंतर असे साधे बदल केले: पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात दांडे, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडा ठळक, पृष्ठभाग न घसरणारे. घरातल्या पडण्यानं होणाऱ्या दुखापती २६ टक्क्यांनी कमी झाल्या. औषध नाही, ऑपरेशन नाही. जपाननं २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू केला तेव्हा त्यात घर दुरुस्तीला दोन लाख येनपर्यंत मदत ठेवली. कशाकशाला, तर दांडा बसवायला, उंबऱ्याची उंची काढायला, फरशी बदलायला, सरकतं दार करायला आणि उकिडवं बसायच्या संडासऐवजी कमोड बसवायला. त्यांच्याकडेही उकिडवं बसायचीच रीत होती. घरातला पाइप हा शुश्रूषेचा भाग आहे, हे तिथल्या विम्यानं मान्य केलं.

आपल्याकडे योजना माणसाच्या हातात वस्तू देतात, घराला हात लावत नाहीत. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तीला ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात, आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंमध्ये काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा यांच्याबरोबर कमोड खुर्चीही आहे. खुर्ची चांगलीच. पण भांडं अडकवलेल्या खुर्चीचं भांडं रोज उचलून नेऊन धुणार कोण? सून. माणसाचं चालणं-फिरणं चार पावलं आणि एका दांड्यामुळे टिकणार असेल तर आधी तो दांडा द्यायला हवा. खुर्ची शेवटी यावी, आणि आज ती पहिली येते. सुनेवर आपण न विचारता टाकलेलं हे काम आहे आणि त्यातून सासू-सुनेत जी कटुता येते तिचं खापर दोघींच्या स्वभावावर फुटतं.

मुलांना मात्र एक गोष्ट सुनावल्याशिवाय राहवत नाही. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात निर्वाहात अन्न, वस्त्र, औषधोपचार यांबरोबर निवाराही येतो. ज्या घरात रोजच्या रोज पडण्याची भीती आहे त्याला निवारा म्हणायचं का? "पुण्याला चला आमच्याकडे" हे उत्तर होत नाही. भोसरी-चाकणच्या दोन खोल्यांत आईला ना ओसरी ना ओळखीचं माणूस. तिला गावातच राहायचं असतं, आणि त्या गावातल्या घरात एक पाइप बसवून देणं मुलाला एका सुटीत जमण्यासारखं आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात तर बरंच काही आहे. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो. पंतप्रधान आवास योजनेच्या घरकुलात संडास धरलेलाच असतो. म्हणजे दर वर्षी या दोन तालुक्यांत नवीन खोल्या बांधल्या जाणारच आहेत, आणि बांधतानाच दार बाहेर उघडलं, एक पाइप भिंतीत घेतला, पायरीला कठडा लावला तर वाढीव खर्च नाममात्र येतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांना घरकुलांच्या याद्या वाचल्या जातात, नावावरून भांडणं होतात. त्याच सभेत एकदा गावातल्या गवंड्यांना आणि वेल्डरला पुढे बसवावं, आणि आराखडा काढण्याआधी गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना विचारावं की हात कुठे जातो.

अनुदानासाठी शौचालयाचा फोटो काढावा लागतो, लाभार्थी दारापुढे उभा करून. तो फोटो बाहेरचा असतो. घरात साठीपुढचं माणूस असेल तिथे दुसरा फोटो आतला घ्यावा: दांडा, बसायची उंची आणि दाराची उघडण्याची दिशा दिसेल असा. तो नाही म्हणून गरिबाचा हप्ता मात्र अडवू नये. पाइप आणि बोल्ट ग्रामपंचायतीनं आपल्या खर्चानं द्यावेत, गवंड्याची मजुरी दांडा ओढून पाहिल्यावर चुकती करावी, आणि ओढून पाहायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याबरोबर त्या घरातल्या आजीलाच न्यावं.